पुरावा द्या, रक्कम झाका

बिटकॉइनचे व्यवहार गुप्त असतात, हा मोठाच गैरसमज. तिथली वही साऱ्या जगाला उघडी. नाव नसतं, पण पत्ता आणि रक्कम दिसते. पत्ता कुणाचा हे एकदा कळलं, की मागचा सगळा हिशेब चव्हाट्यावर!

यावरचा तोडगा क्रिप्टोच्याही आधीचा आहे. १९८५ मध्ये शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी शून्य-ज्ञान पुराव्याची कल्पना मांडली: गोष्ट खरी आहे एवढं पटवायचं, त्यापलीकडे अवाक्षर सांगायचं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या झीकॅश या क्रिप्टो-नाण्यानं ती चलनात आणली. इथे झाकलेल्या पत्त्यावर पैसे आले, की वहीत रकमेऐवजी एक गणिती मोहोर उमटते. खर्च करताना त्या पैशाचा रद्द-क्रमांक जाहीर होतो. तोच क्रमांक पुन्हा आला, तर व्यवहार नामंजूर. मात्र रद्द झालेली मोहोर नेमकी कोणती, हे कुणालाच कळत नाही. सोबतचा छोटासा पुरावा एवढीच ग्वाही देतो, की पैसे खरे आहेत आणि जमाखर्च जुळतो.

गोम अशी, की झाकलेल्या वहीत खोटं नाणंही खपून जाऊ शकतं. २०१८ मध्ये झीकॅशच्या गणितात तशी फट सापडली. ती गुपचूप बुजवली आणि २०१९ मध्ये जाहीर केली.

आणि हो, झीकॅशमध्ये झाकणं ऐच्छिक आहे. उघड्या पत्त्यांमधला व्यवहार बिटकॉइनइतकाच उघडा. तेव्हा पाठवण्याआधी पत्ता कोणत्या प्रकारचा आहे, ते जरूर पाहा.