सुटीचे दोन दिवस आणि वर्गणीचा डबा

शनिवार-रविवारची सुटी साधून चार मित्रांनीं मिळून कोठें तरी जावें, ही रीत शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत आतां चांगली रुळली आहे. कामाचा आठवडा संपला कीं मुंबई-पुण्याकडील मंडळी घाटावर किंवा घाटाखालीं दोन दिवस काढतात आणि सोमवारीं पुन्हां कामावर हजर होतात. यांत गैर कांहींच नाहीं. विश्रांति ही चैन नसून गरज आहे. परंतु अशा सहलीला निघालेल्या मंडळींपैकीं कित्येकांच्या मनांत आणखी एक इच्छा असते. ज्या गांवीं जावयाचें, तेथील एखाद्या सेवाभावी संस्थेसाठीं अर्धा दिवस वर्गणी गोळा करावी, म्हणजे मौजहि झाली आणि हातून थोडें सत्कृत्यहि घडलें, असें त्यांना वाटतें. इच्छा चांगली आहे, याविषयीं शंका नाहीं. प्रश्न एवढाच, कीं दोन दिवसांच्या पाहुण्यानें परक्या गांवांत, परक्या दाराशीं उभें राहून पैसा मागावा काय; आणि मागावयाचा झाल्यास तो कोणत्या अधिकारानें? रत्नागिरी जिल्ह्यांतील देवरूख डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा विचार करणें सोयीचें आहे.

देवरूख हें संगमेश्वर तालुक्याचें मुख्य ठिकाण. कोंकण म्हटलें कीं शहरवासीयांस समुद्र आठवतो. परंतु हें गांव समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याकडे वसलेलें आहे. कोल्हापुराहून येणारा प्रवासी आंबा घाट उतरून साखरप्यावरून येथें येतो. मुंबईहून निघणाऱ्यास १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून संगमेश्वर रोड स्थानकावर उतरून पुढें मोटारीनें येतां येतें. गांवांत सोळजाई देवीचें देऊळ आहे. मारळ गांवाजवळ डोंगराच्या कपारींत मार्लेश्वराची गुहा असून शेजारींच धारेश्वराचा धबधबा कोसळत असतो. मकरसंक्रांतीला या मार्लेश्वराचें साखरप्याच्या गिरिजादेवीशीं लग्न लागतें, आणि त्या यात्रेला दूरदूरचीं माणसें लोटतात. दोन दिवस आनंदांत घालविण्यास याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

याच देवरूखांत १९५४ सालीं इंदिराबाई हळबे यांनीं ‘मातृमंदिर’ ही संस्था सुरू केली. आरंभ होता दोन खाटांच्या प्रसूतिगृहाचा. डोंगराळ मुलूख, पावसाळ्यांत दुथडी भरणारे ओढे, वाडीवाडींत विखुरलेलीं घरें. अशा ठिकाणीं अडलेल्या बाळंतिणीला वेळेवर मदत मिळणें म्हणजे दोन जीव वांचणें, हें निराळें सांगावयास नको. पुढें तेथें रुग्णालय उभें राहिलें, निराधार मुलींसाठीं ‘गोकुळ’ निघालें, आणि इंदिराबाई साऱ्या परिसराच्या ‘मावशी’ झाल्या. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं अशा संस्थेला पैसा एकदां लागून भागत नाहीं. औषधें दर महिन्याला संपतात, मुलींना दोन वेळां जेवण रोज लागतें, आणि पाऊस दर वर्षीं कौलें हलवून जातो. गरज बारमाही असते. पाहुणा मात्र दोनच दिवस असतो. सहलीच्या उत्साहांत नेमका याच विसंगतीचा विसर पडतो.

दाराशीं येऊन मागणें ही गोष्ट कोंकणाला नवी नाहीं. शिमग्यांत ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, खेळे येतात, मुलें पोस्त मागतात, आणि प्रत्येक घर आपल्या ऐपतीप्रमाणें हात सैल सोडतें. पूर्वीं गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून शिकत; त्या अन्नावर शिकलेले कित्येक पुढें मोठे झाले. या मागण्यांत कोणाला कमीपणा वाटत नसे, कारण मागणारा ओळखीचा असे. हा कोणाचा मुलगा, कोणत्या शाळेंत जातो, अभ्यास करतो कीं उनाडक्या करतो, हें घरच्या माउलीस ठाऊक असे. पालखीचा खर्च कसा झाला, हें विचारण्याचा हक्क साऱ्या गांवाला असे, आणि तो हक्क गांव मोठ्या आवाजांत बजावीतहि असे. म्हणजे मागण्याचा अधिकार जाब देण्याच्या तयारींतून येत असे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अंताजी दामोदर काळे यांनीं ‘पैसा फंडा’ची कल्पना महाराष्ट्रापुढें मांडली, तिचें मर्महि हेंच होतें. प्रत्येकानें वर्षाकांठीं एक पैसा द्यावा, आणि त्यांतून देशी उद्योग उभा करावा. त्या काळीं एका रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे एक लाख माणसांनीं पैसा दिला तरी बेरीज १५६२ रुपये ८ आणेच होते. एखाद्या सावकारानें मनांत आणलें असतें, तर एवढी रक्कम त्यानें एकट्यानें दिली असती. तरीहि लोकमान्य टिळकांनीं या फंडाला पाठबळ दिलें, आणि गांवोगांवच्या स्वयंसेवकांनीं तो जमविला. सावकाराच्या देणगीनें एकच धनी उभा राहतो; लाख पैशांनीं लाख धनी उभे राहतात, हें त्यांतील रहस्य. १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें या फंडांतून कांचेचा कारखाना निघाला, आणि तेथें शिकून तयार झालेले कारागीर देशांतील इतर कांच-कारखान्यांत गेले. देवरूखहून संगमेश्वरास जाणाऱ्यास तेथील एका शाळेच्या नांवांत ‘पैसा फंड’ हे दोन शब्द आजहि वाचावयास मिळतात.

ही दृष्टि केवळ याच भूमींतील आहे, असेंहि नाहीं. १८८६ सालच्या डिसेंबरांत इंग्लंडच्या लँकेशायर किनाऱ्याजवळ ‘मेक्सिको’ नांवाच्या जहाजाच्या मदतीला गेलेल्या जीवरक्षक होड्यांवरील २७ माणसें बुडालीं. त्यांच्या विधवा व मुलें उघड्यावर पडलीं. जीवरक्षक संस्थेचा भार तोंवर मुख्यत्वें थोड्या धनिकांवर होता. १८९१ सालच्या ऑक्टोबरांत मँचेस्टर शहरानें एक शनिवार या कामासाठीं राखून ठेवला. रस्त्यांतून होड्यांची मिरवणूक निघाली, स्वयंसेवक डबे घेऊन फिरले, आणि एका दिवसांत ५००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. सुटीच्या दिवशीं रस्त्यावर उभें राहून मदत गोळा करण्याची जी प्रथा तिकडे रुजली, तिच्या आरंभींचा हा शनिवार होय. परंतु येथेंहि मँचेस्टरच्या माणसांनीं मँचेस्टरच्याच रस्त्यांत डबा फिरविला, हें विसरतां कामा नये.

यावर कोणी म्हणेल, कीं महर्षि कर्वे तर परक्या गांवींहि मागत असत. ही गोष्ट खरी आहे. फर्ग्युसन कॉलेजांत अध्यापक असतांना १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, आणि कॉलेजच्या सुट्या लागल्या कीं ते वर्गणीसाठीं गांवोगांव हिंडत. सुटी कशी घालवावी, याचा याहून मोठा दाखला महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. परंतु कर्वे दोन दिवसांचे पाहुणे नव्हते. ज्या कामासाठीं ते मागत, त्या कामांत त्यांनीं सारें आयुष्य घातलें होतें. १९६२ सालीं वयाच्या १०५ व्या वर्षीं त्यांचा अंत झाला, तोंवर त्यांना जाब विचारण्यास कोणालाहि मुभा होती. मुंबईंत नोकरीस लागल्यानंतर आरंभींच्या काळांत त्यांनीं व त्यांच्या गांवकऱ्यांनीं ‘मुरूड फंड’ काढला, तो तर या बाबतींतील उत्तम धडा आहे. मुरूडच्या माणसांनीं मुरूडच्याच माणसांकडे मागितलें, आणि तें मुरूडच्या उपयोगी पडावें म्हणून मागितलें.

आतां सहा मित्र मुंबईहून देवरूखास निघाले आहेत, असें समजूं. जाणें-येणें, राहणें व जेवण मिळून दर माणशीं दोन हजार रुपये धरले, तर बारा हजार रुपये खर्च झाले. अर्धा दिवस डबा फिरवून समजा चार हजार रुपये जमले. मग घरींच बसून तीं बारा हजारांची रक्कम संस्थेला धाडली असती तर काय वाईट, असा प्रश्न एखादा हिशेबी गृहस्थ विचारील. त्याचा हिशेब चुकीचा नाहीं, पण अपुरा आहे. सहलीचा खर्च सहलीसाठीं होता. तो दानाच्या खात्यावर मांडणें बरोबर नाहीं. खरी अडचण निराळीच आहे.

कोंकणांतील घर आल्या माणसाला विन्मुख पाठवीत नाहीं. परका असला तरी गूळ-पाणी पुढें येतें, उन्हाळा असला तर कोकमाचें सरबत येतें. अशा घरांत पुष्कळदां म्हातारा-म्हातारी दोघेंच असतात. मुलगा मुंबईस चाकरमानी, आणि घर त्याच्या धाडलेल्या पैशांवर चाललेलें. दाराशीं शहरांतील सहा नीटनेटकीं माणसें डबा घेऊन उभीं राहिलीं, तर ती म्हातारी ‘नाहीं’ म्हणूं शकत नाहीं. शेजारणीकडून उसने आणील, पण पन्नास रुपये डब्यांत टाकील. हें दान नव्हे. ही भिडेची वसुली आहे. शिवाय ज्या रुग्णालयाचा आधार तिलाच हवा, त्याच्या नांवानें तिच्याकडून पैसे घ्यावयाचे, आणि घेणारीं माणसें दुसऱ्या दिवशीं गाडींत बसून निघून जावयाचीं! त्या पन्नास रुपयांचें काय झालें, हें तिनें कोणाला विचारावें?

म्हणून या विषयांतील नियम सोपा आहे: जेथें आपल्याला जाब विचारतां येईल, तेथेंच मागावें. देवरूखांत पाहुण्यांनीं डबा घेऊन वाड्यांत शिरूं नये. त्यांनीं आधीं पत्र धाडून संस्थेची संमति घ्यावी, आणि तेथें गेल्यावर संस्थेचीं माणसें सांगतील तें काम करावें. धान्य निवडणें असेल, कपाट आवरणें असेल, मुलींना गणित शिकविणें असेल. यात्रेच्या गर्दींत संस्थेच्याच कार्यकर्त्यांनीं डबा मांडला, तर त्यांच्या शेजारीं उभें राहण्यास हरकत नाहीं. तेथें देणारा मोकळा असतो, आणि न देणारा पुढें निघून जाऊं शकतो. मुख्य म्हणजे डोळे व कान उघडे ठेवून संस्थेचें काम समजून घ्यावें. वर्गणी मागण्याची जागा मुंबईस आहे: आपली चाळ, आपली इमारत, आपली कचेरी, आणि देवरूखकडील चाकरमान्यांचें एखादें ग्रामस्थ मंडळ. तेथें दर सोमवारीं तोंड दाखवावयाचें असतें. डबा घेऊन गेलेल्या माणसाला शेजारी आठवड्याभरानें जिन्यांत गांठून विचारूं शकतो, “काय हो, किती जमले? पोंचले का?”

कायद्याचीहि बाजू आहे. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेविषयींचा राज्याचा १९५० सालचा अधिनियम आहे. त्याच्या कलम ४१ क प्रमाणें, नोंदलेल्या संस्थेखेरीज इतरांनीं धर्मादाय कार्यासाठीं वर्गणी जमविण्यापूर्वीं धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीकडे जावें लागतें. गणेशोत्सव मंडळांना ही वाट माहीत आहे. मित्रमंडळींना बहुधा नसते. म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या नांवानें, तिच्या लेखी संमतीनें व तिच्याच पावतीपुस्तकानें काम करणें उत्तम. डबा मोहोरबंद असावा आणि तो दोन जबाबदार माणसांसमक्ष फोडून त्याच दिवशीं मोजावा. मोबाइलवरून पैसे घ्यावयाचे असतील, तर क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा असावा. एखाद्या मित्राच्या खात्यावर ते क्षणभरहि थांबूं नयेत. मित्राच्या प्रामाणिकपणाविषयीं संशय आहे म्हणून नव्हे, तर त्याच्यावर संशय घेण्याची पाळी कोणावर येऊं नये म्हणून.

एवढें सारें केल्यानंतर सहलीची मौज कमी होते काय? मुळींच नाहीं. मार्लेश्वराच्या पायऱ्या तितक्याच दमवितात आणि धारेश्वराचे तुषार तितकेच गार लागतात. उलट, गांव केवळ पाहिलेला माणूस आणि गांवांत काम केलेला माणूस यांच्या आठवणींत फरक पडतो. पहिल्याला धबधबा आठवतो. दुसऱ्याला धबधब्याबरोबर भर पावसांत दवाखान्याच्या ओसरीवर नंबराची वाट पाहणारीं माणसेंहि आठवतात. ही आठवणच त्याला पुढल्या वर्षीं पावतीपुस्तक हातीं घेऊन आपल्याच इमारतीचे जिने चढावयास लावते.

जमलेली रक्कम थोडी असेल. तिची लाज बाळगण्याचें कारण नाहीं. एका पैशाचीहि लाज बाळगली गेली नाहीं, म्हणून तळेगांवची भट्टी पेटली. परंतु रक्कम पोंचल्याची पावती, कामाचा चार ओळींचा वृत्तांत आणि पै-पैचा हिशेब इमारतीच्या फलकावर लागला पाहिजे. तो वाचून ज्यानें दहा रुपये दिले असतील, तोहि देवरूखच्या त्या खाटांचा थोडासा धनी होईल, आणि पुढल्या खेपेस डबा येण्याची वाट न पाहतां स्वतः विचारील, “यंदा केव्हां निघतां?”