गाडीच्या पत्र्याची निगा

बागलाणातल्या मोसम खोऱ्यात, नामपूरच्या बाजार समितीत पावसाळाभर चाळीतला उन्हाळ कांदा येत राहतो. पिकअप आणि ट्रॅक्टर ओल्या शेतरस्त्यांवरून येतात. इंजिनाचं तेल मालक न चुकता बदलतात, पत्र्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही.

गंजाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. मडगार्डच्या आत चिकटलेला चिखल ओल धरून ठेवतो, हौद्याच्या कोपऱ्यात कांद्याचा पाला आणि सडका माल तेच करतो. म्हणून गाडी धुताना वरच्या चकाकीआधी पाण्याचा झोत खालून मारा. दाराच्या खालच्या कडेला बारीक छिद्रं असतात, काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. ती बुजली, की दार आतून सडतं. एखादी काडी घालून ती मोकळी करा.

पत्र्याला पोचा आला आणि रंग उडाला, तर डेंटिंगवाल्याकडे लवकर जा. गंज पॉलिश पेपरनं घासून स्वच्छ पत्रा उघडा करायचा, मग प्रायमर, मग लांबी, घासून पुन्हा प्रायमर आणि शेवटी रंग. गंजावरच लांबी भरणं म्हणजे पैसा पाण्यात. काही महिन्यांत तिथेच फुगा येतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढायला सांगा. आणि मागच्या फाळक्यावरची परावर्तक पट्टी रंगाखाली गेली असेल, तर गाडी रात्री रस्त्यावर काढण्याआधी नवी लावून घ्या.