उंबऱ्यावरच्या टोपल्या

रहस्यकथेतलं रहस्य आधीच फोडणं हा व्याख्यात्याचा गुन्हाच. पण शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची ‘वी हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल’ (1962) ही कादंबरी खुनी कोण ते कळल्यावरच जास्त रंगते, असं माझं मत आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. एका लहान गावाच्या कडेला ब्लॅकवूड घराण्याचं मोठं घर. सहा वर्षांपूर्वी रात्रीच्या जेवणात साखरेत आर्सेनिक निघालं आणि घरातली चार माणसं गेली. थोरली कॉन्स्टन्स साखर घेत नव्हती. शिवाय पोलीस यायच्या आत तिने साखरेचं भांडं घासून ठेवलं होतं. खटला झाला, ती निर्दोष सुटली आणि पुढे बागेपलीकडे तिने पाऊल टाकलं नाही. घरात आता ती, विषातून वाचलेले पंगू काका आणि धाकटी मेरीकॅट. विष कालवलं ते या धाकटीने, बाराव्या वर्षी. थोरलीला ते पहिल्यापासून ठाऊक आहे. सहा वर्षं त्यावर चकार शब्द नाही. निघतो तेव्हाही दोन-चार वाक्यांत विषय मिटतो.

मला अस्वस्थ करतं ते गाव. मंगळवारी आणि शुक्रवारी मेरीकॅट किराणा आणायला जाते. ती शिरली की दुकानातल्या बायका गप्प. दुकानदार तिला झटपट सामान देतो. मान म्हणून नव्हे, ब्याद लवकर टळावी म्हणून. वाळीत टाकल्याची दवंडी कुणी पिटलेली नाही. आपला 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा इथे कुणाला धरणार?

मग घराला आग लागते. अग्निशामक दलाचा प्रमुख ती नीट विझवून घेतो. विझल्यावर डोक्यावरची हुद्द्याची टोपी काढून बंबावर ठेवतो, दगड उचलतो आणि खिडकी फोडतो. नोकरी संपली, आता तो गावातला एक! पाठोपाठ सारं गाव आत घुसून कपबश्यांपासून खुर्च्यांपर्यंत फोडत सुटतं.

आणि नंतर तेच लोक अंधार पडल्यावर उंबऱ्यावर जेवणाच्या टोपल्या ठेवून जातात, मोडतोडीबद्दल माफीच्या चिठ्ठ्यांसह. याला पश्चात्ताप म्हणायला मी तयार नाही. तिठ्यावर उतारा ठेवून मागे न बघता परततात, तसलं हे देणं आहे. दगड आणि टोपली, दोन्हींमागे भीती एकच.

जॅक्सन व्हरमाँटमधल्या नॉर्थ बेनिंग्टन या लहान गावात राहिल्या. नवरा जवळच्या कॉलेजात शिकवायचा. गावाने मिळून दगड उचलण्याची त्यांची ‘द लॉटरी’ ही कथा 1948 ची. ‘कॅसल’ ही त्यांची पूर्ण झालेली शेवटची कादंबरी. ती आली त्याच सुमारास घराबाहेर पडण्याच्या भीतीने त्यांनाच घेरलं होतं. 1965 मध्ये, 48 व्या वर्षी त्या गेल्या.

कादंबरी छोटी आहे, एका बैठकीत संपते. अवश्य वाचा. फक्त मेरीकॅटच्या गोड बोलण्यावर भुलू नका. सगळी गोष्ट तीच सांगते आहे.