नगर पायी पाहताना
(युवक शिबिरातील भाषणाचा संपादित अंश)



गेल्या हिवाळ्यात मी नगरला गेलो. माळीवाडा स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला म्हटलं, “सलाबतखानाच्या कबरीकडे चला.” तो गोंधळला. “चाँदबीबी महाल” म्हणताच हसला, “असं सांगा की!”

डोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी वास्तू चाँदबीबीची नाही. मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान तिथे झोपला आहे. आपण तिथे सहलीला जातो, फोटो काढतो, आणि ज्याची कबर त्याचंच नाव आपल्याला माहीत नसतं.

दुसऱ्या दिवशी मात्र पायी फिरलो. चाँदबीबी खरी भेटते ती किल्ल्यात. 1595-96च्या मोगल वेढ्यात तिने हा किल्ला लढवला. 1600 मध्ये तिला मारलं ते तिच्याच माणसांनी. याच किल्ल्यात इंग्रजांनी 1942 मध्ये नेहरू आणि मौलाना आझादांना कैदेत ठेवलं. नेहरूंनी इथे ‘भारताचा शोध’ लिहिला, मौलानांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं. एप्रिल 1943 मध्ये कोलकात्यात मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. त्या आजारी असतानाही मौलानांनी सरकारकडे सवलत मागितली नाही. तटाशी उभा राहून मी बराच वेळ त्याचाच विचार करत होतो.

किल्ल्यापासून जवळच दमडी मशीद आहे. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी एकेक दमडी जमवून ती उभारली, असं लोक सांगतात. दगडावरचं नक्षीकाम पाहून ते गरिबांचं काम आहे यावर विश्वास बसत नाही. पुढे शाह शरीफ यांचा दर्गा. मालोजीराजांनी त्यांच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा तुम्ही ऐकली असेल. नसेल, तर तिथे जाऊन ऐका.

आता मनातली गोष्ट बोलतो. 2024 मध्ये नगरचं नाव अहिल्यानगर झालं. तुमच्यातल्या काहींना ते लागलं, हे मला ठाऊक आहे. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. त्यांच्याशी आपलं भांडण असूच शकत नाही. पण पाटी बदलण्याच्या कितीतरी आधी आपण सलाबतखानाचं नाव विसरलो होतो. ते कुणी पुसलं?

म्हणून सांगतो, एक रविवार काढा. पायी फिरा. सोबत दुसऱ्या मोहल्ल्यातला एक मित्र घ्या. त्याला दमडी मशीद दाखवा, आणि त्याच्या गल्लीतलं देऊळ त्याच्याकडून समजून घ्या. आणि रिक्षात बसलात, तर पत्ता खऱ्या नावाने सांगा.