जुनी गाडी आणि दारावरची फी



वसंतातील व्याख्यानमालेत शेती, शिक्षण, साहित्य अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही आज बोलणार आहोत जुन्या मोटारींच्या प्रदर्शनावर. त्यातही प्रदर्शनाच्या दारात गाडीच्या मालकाकडून जी प्रवेश फी घेतात, तिच्यावर. कामगार संघटनेच्या माणसाने हा विषय घ्यावा याचे काहींना नवल वाटेल. जुनी मोटार बाळगणे हा श्रीमंतांचा शौक. त्यांनी फी भरली काय आणि न भरली काय, आपल्याला त्याचे सुखदुःख कशाला, असे कोणी मनात म्हणतही असेल. आमचे म्हणणे एवढेच की, हा शौक केवळ श्रीमंतांचाच का होऊन बसला, याची निम्मी कारणे त्या दारावरच सापडतात. म्हणून हा विषय.

आपल्या देशात अशा मेळाव्यांची परंपरा नवी नाही. दिल्लीत स्टेट्समन या वृत्तपत्राने १९६४ साली जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. मुंबईतही अशा गाड्या जपणाऱ्यांची मंडळे आहेत व त्यांच्या फेऱ्या निघतात. अशा ठिकाणी काय पाहावयास मिळते? संस्थानिकांच्या रोल्स रॉइस, लांबलचक अमेरिकन ब्यूक आणि कॅडिलॅक, चकचकीत पितळी दिवे आणि कातडी गाद्या. पाहून डोळे निवतात, यात शंका नाही. त्या गाड्यांनी कोणाचे काही बिघडवलेले नाही. परंतु या देशाचे ओझे ज्या गाड्यांनी वाहिले, त्या तेथे किती दिसतात?

मंडळी, आपण ज्या रस्त्याच्या काठी बसलो आहोत तो सुरत-धुळे महामार्ग. जुन्या माणसांच्या तोंडी अजून सहा नंबरचा हायवे. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. या रस्त्याने काय काय पाहिले! जमशेदपूरला १९५४ पासून तयार होऊ लागलेले टाटा-मर्सिडीजचे ट्रक कोंडाईबारीच्या घाटात पहिल्या गिअरवर कण्हत चढले. १ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर यांच्या दरम्यान पहिली एस.टी. धावली, आणि मग ती लाल गाडी खेड्यापाड्यांत पोचली. विलीज कंपनीच्या बनावटीची जीप १९४७ पासून मुंबईत जोडली जाऊ लागली आणि पुढे ती साऱ्या देशाची झाली. मुंबईकराला काळी-पिवळी म्हटले की टॅक्सी आठवते. आपल्याकडे काळी-पिवळी म्हणजे बाजाराला जाणारी जीप, आत दहा माणसे, मागे लटकलेली चार, आणि टपावर कोंबड्यांची खुराडी. आजारी बाईला पाड्यावरून दवाखान्यात नेणारी गाडी तीच, आणि नवरीला सासरी नेणारीही तीच. या गाड्यांचा इतिहास आपला नव्हे तर कोणाचा?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत खास भर घातली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, खाजगी वापराची, मूळ स्वरूप न बदललेली दुचाकी अथवा चारचाकी गाडी असेल, तर तिला 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबराच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,००० रुपये, आणि मुदत १० वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही आणि तिच्यावर धंदा करता येत नाही. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर काढावयाची.

या नियमांतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, खाजगी वापराची अट असल्यामुळे टॅक्सी, ट्रक, एस.टी., तीनचाकी टेंपो या कमावत्या गाड्या या व्याख्येच्या बाहेरच राहिल्या. जिने आयुष्यभर कष्ट केले तिला वारसा म्हणून मान नाही, आणि जी गॅरेजात झाकून ठेवली ती वारसा ठरली. माणसांच्या बाबतीत हा न्याय आपण पुष्कळ पाहिला आहे. तोच यंत्राच्याही वाट्याला आलेला दिसतो. दुसरी गोष्ट अशी की, विंटेज ठरलेल्या गाडीला कमाई करण्याची बंदी आहे. सरकारने तिला दाखवण्यापुरती मोकळीक दिली. आणि ती दाखवण्यास नेली, की तेथेही दारात मालकाकडे पैसे मागतात. ज्या वस्तूला कमावण्यास मनाई आहे, तिच्या मालकाकडून ती दाखवण्याचे पैसे घ्यावेत, हे कोणत्या हिशेबात बसते?

मुंबईच्या टॅक्सीचे उदाहरण सर्वांस माहीत असेल. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली फियाट, जिला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले, ती चाळीस वर्षांहून अधिक काळ मुंबईची टॅक्सी होती. कुर्ल्याच्या कामगारांनी ती घडवली, टॅक्सीवाल्यांनी ती चालवली. टॅक्सीचे आयुष्य २० वर्षे असा नियम आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेस्टची डिझेलवर चालणारी जुनी दुमजली बसही बंद झाली. निदान एक तरी पद्मिनी टॅक्सी जतन करा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या युनियनने सरकारकडे केली होती. ही मागणी कोणा शौकिनांच्या मंडळाने नव्हे, युनियनने केली, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. कष्टकऱ्याला आपल्या हत्याराची माया असते. सुताराचा रंधा झिजून गेला तरी तो सहसा फेकत नाही.

आता एक साधा हिशेब मांडू. समजा, आपल्या भागातील एका शेतकऱ्याने वडिलांची जीप जपून ठेवली आहे आणि मुंबईच्या मेळाव्यात ती दाखवावी असे त्याच्या मनात आले. येथून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. जाऊन येऊन ८००. जुनी जीप लिटरला ८ किलोमीटर चालली तर १०० लिटर पेट्रोल लागले. लिटरचे १०० रुपये धरले, तरी १०,००० रुपये झाले. वाटेत टायर, पाटा, रेडिएटर यांपैकी काहीतरी कुरकुर करणारच. सोबत मिस्त्री नेला तर त्याची दोन-तीन दिवसांची मजुरी आणि जेवणखाण. एवढे करून तो दारात पोचला, की मेळाव्याचा कार्यकर्ता पावतीपुस्तक पुढे करतो. ज्याच्या बंगल्यात दहा गाड्या आहेत त्याला ती रक्कम जाणवतही नाही. हा शेतकरी मात्र पुढच्या वर्षी येत नाही. आणि एक दिवस भंगारवाला दारात आला, की किलोच्या भावाने जीप देऊन टाकतो. कारण भंगारवाला पैसे देतो, आणि प्रदर्शनवाला पैसे घेतो! वारसा वाचावा म्हणणाऱ्यांनी या एका वाक्याचा विचार करावा.

कोणी म्हणेल, फी कोठे नसते? आठवड्याच्या बाजारात माल घेऊन बसणाऱ्याकडून पावती फाडतातच की. खरे आहे, पण बाजारात बसणारा विकावयास आलेला असतो, आणि संध्याकाळी कनवटीला पैसे लावून घरी जातो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे येतात तेही मुख्यतः व्यवहारासाठी. दुसरा म्हणेल, बैलगाडा शर्यतीतही गाडामालक प्रवेश फी भरतो. तेही खरे, परंतु तेथे बक्षीस असते, आणि भरलेल्या पैशातून काही आपल्या पदरी पडेल ही आशा असते. आता यात्रेतील कुस्त्यांचा फड पाहा. तेथे मल्लाकडून कोणी तिकीट घेत नाही. उलट गावकरी वर्गणी काढून त्याला इनाम देतात. कारण मल्ल आला नाही तर फडच नाही, हे अडाणी माणसालाही कळते. जुन्या गाडीचा मालक काही विकत नाही, आणि रोख बक्षीसही बहुधा जिंकत नाही. लोक पाहावयास येतात ते त्याच्याच गाडीला. म्हणजे तो मल्लाच्या जागी आहे. मग त्याला बाजारकऱ्याची पावती का?

आयोजकांची बाजू आम्ही विसरलेलो नाही. सभा-संमेलने भरवण्यात आमचेही आयुष्य गेले आहे. मैदानाचे भाडे, मांडव, पाणी, कठडे, रुग्णवाहिका, विमा, परवानग्या, या सर्वांस पैसा लागतो. शिवाय नावे दिलेले लोक ऐन वेळी येत नाहीत आणि जागा रिकाम्या राहतात, ही त्यांची तक्रारही खरी आहे. फी ठेवली की हौशे-नवशे गळतात, असे ते म्हणतात. यांतील खर्चाचा मुद्दा आम्हांस मान्य आहे. प्रश्न एवढाच की, तो खर्च कोणाकडून आणि किती वेळा वसूल करावयाचा.

या बाबतीत इंग्लंडातील दोन रिवाज पाहण्यासारखे आहेत. लंडन ते ब्रायटन अशी एक प्रसिद्ध धाव दर नोव्हेंबरात निघते. १८९६ सालच्या एका मोटारफेरीच्या स्मरणार्थ ती १९२७ साली पुन्हा सुरू झाली, आणि तीत १९०५ च्या आधीच्या गाड्या भाग घेतात. तेथे गाडीवाले फी भरतात. परंतु रस्त्याच्या दुतर्फा उभे राहणाऱ्या लोकांना तिकीट नसते. दुसरा रिवाज वाफेच्या इंजिनांचा. शेतात मळणी आणि नांगरणी करणारी ही अवजड इंजिने भंगारात जात होती. १९५० साली ॲपलफर्ड नावाच्या खेड्यात दोघा मालकांनी एका पिंपभर बियरच्या पैजेवर आपापली इंजिने पळवली, आणि त्यातून त्या इंजिनांचे मेळावे सुरू झाले. तेथे प्रेक्षकांकडून तिकीट घेतात. आणि पुष्कळ मेळाव्यांत इंजिनवाल्याला आयोजकच कोळसा पुरवतात, काही ठिकाणी येण्याचा खर्चही देतात. इंजिन पेटले नाही तर दारात तिकीट कोण घेणार, हे त्यांना उमगले आहे. ज्यांनी शेतावर राबून काळे झालेले इंजिन जपले, ते बहुतेक सामान्य लोक होते. त्यांना दारात अडवले असते तर ती इंजिने आज पाहावयासही उरली नसती.

या दोन्ही रिवाजांत एक सूत्र आहे आणि आमचे सारे म्हणणे त्यातच येते. प्रेक्षकाला तिकीट नसेल, तर गाडीवाल्यांनी आपसांत वर्गणी काढून खर्च भागवावा. ती भागीदारी झाली. प्रेक्षकाला तिकीट असेल, तर गाडीवाल्याकडून एक पैसाही घेऊ नये. कारण तो तेथे पाहुणा नव्हे, राबणारा आहे. दारात बघ्याकडूनही घ्यावयाचे आणि दाखवणाऱ्याकडूनही घ्यावयाचे, ही दुहेरी वसुली झाली. कारखान्यात मजुराने राबावे आणि वर फाटकात शिरण्याचे पैसेही द्यावेत, असे कोणी म्हटले तर आपण काय म्हणू?

ऐन वेळी न येणाऱ्यांची तक्रार अनामत ठेवून मिटते. नाव देताना रक्कम घ्यावी आणि गाडी मैदानात आली की ती तेथल्या तेथे परत करावी. न येणाऱ्याची अनामत जप्त करावी. त्याबद्दल कोणाची हरकत नसेल. दूरवरून स्वतःच्या चाकांवर आलेल्या गाडीला इंधनाचा काही भाग द्यावा. जमाखर्चाचा कागद मेळाव्याच्या दिवशीच फळ्यावर लावावा. जेथे हिशेब उघडा असतो तेथे माणूस वर्गणीही आनंदाने देतो. टॅक्सी, ट्रक, जीप, टेंपो, राजदूत आणि येझदी या कमावत्या गाड्यांना वेगळी रांग द्यावी, आणि ती रांग मैदानाच्या कोपऱ्यात नसावी.

आणखी एक माणूस या साऱ्यात कोणाच्या ध्यानात येत नाही. तो म्हणजे मिस्त्री. ज्या गाडीचे सुटे भाग बाजारात मिळेनासे होऊन कित्येक वर्षे झाली, ती चालते कशी? आपल्या हायवेवरच्या गॅरेजांत जाऊन पाहा. लेथवर बुश कातून, जुन्या पिस्टनला नव्या रिंगा बसवून, कार्बुरेटर तोंडाने फुंकून ज्याने ती जिवंत ठेवली, त्याला मेळाव्यात आत जाण्यासाठी तिकीट काढावे लागते, आणि पाटीवर नाव येते ते मालकाचे. प्रत्येक गाडीपुढे जी माहितीची पाटी लावतात तिच्यावर मालकाच्या नावाखाली मिस्त्रीचेही नाव लिहावे. त्याला खर्च शाईचाच आहे. त्याला आणि त्याच्या मदतनीस पोराला आत मोफत सोडावे आणि जेवायला बसवावे.

बंधुभगिनींनो, हे सारे मोठ्या शहरातील मंडळांनी ऐकावे अशी आमची इच्छा आहे. परंतु त्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. या रस्त्याच्या काठी जुने ट्रक आहेत, जीपा आहेत, गोठ्यात गवताखाली झाकलेल्या मोटारसायकली आहेत, आणि त्या चालवलेली माणसेही अजून आहेत. एखाद्या वसंतात बाजाराच्या मोकळ्या मैदानात त्या एका रांगेत उभ्या करता येतील. दारात पावतीपुस्तक नको. येणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला पाणी, चालवणाऱ्याला भाकरी, आणि त्या गाडीने काय काय वाहिले हे सांगण्यासाठी त्याला पाच मिनिटे एवढे दिले, तरी शाळेतल्या पोरांना पुस्तकात न सापडणारा इतिहास ऐकावयास मिळेल. आपल्या बापजाद्यांनी कशावर कष्ट केले हे पोरांना डोळ्यांनी दिसेल, आणि भंगाराच्या काट्यावर चढणारी एखादी जीप तरी त्या वर्षी घरीच राहील.