खराटा हातात घेताना

(मुंबईतील एका वस्तीत भरलेल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



गेले सात महिने आपण दर रविवारी सकाळी सात वाजता गल्ली झाडतो आहोत. नळाजवळचा ढीग हटला, बालवाडीसमोरचं गटार मोकळं झालं. याचा आनंद मलाही आहे. पण आज मला कौतुक करायचं नाही, एक अडचण तुमच्यापुढे ठेवायची आहे.

दुसऱ्याच महिन्यात आपल्या गल्लीत रोज खराटा मारणाऱ्या कंत्राटी कामगार ताईंनी मला रस्त्यात गाठलं. म्हणाल्या, "तुम्ही झाडता, चांगलंच आहे. पण मुकादम म्हणतो, तिथं बाया स्वतःच झाडतात, मग दोघींची गरज काय? माझ्या जोडीदारणीला दुसरीकडे लावलं. आता चारही गल्ल्या माझ्या एकटीवर."

मला त्या रात्री झोप लागली नाही. आपण सेवा म्हणून जे करत होतो, त्याचा भार दुसऱ्या बाईच्या कमरेवर पडला होता.

बायांच्या फुकट कामाची सवय समाजाला जुनीच आहे. घरातला केर काढणं हे काम धरलं जात नाही. आता उंबऱ्याबाहेरचा केरही आपलाच. आपल्या यादीत बावीस नावं आहेत, त्यांत पुरुष तीन. तेही फोटोच्या दिवशी येतात! (हशा)

'स्वयंसेवक' हा शब्द आपल्याला गोड वाटतो. पण याच मुंबईत त्याचा कसा वापर झाला ते पाहा. महापालिकेच्या दत्तक वस्ती योजनेत वस्त्यांमधली सफाई स्थानिक संस्थांकडे दिली गेली. रोज राबणाऱ्यांना कामगार न म्हणता स्वयंसेवक म्हटलं गेलं आणि पगाराऐवजी मानधन. स्वयंसेवक म्हटलं की किमान वेतन, रजा, प्रॉव्हिडंट फंड यांचा प्रश्नच मिटतो. कचरा उचलण्याच्या कंत्राटांतही तसंच. कंत्राटी कामगारांचा कायदा तेव्हा वीस किंवा जास्त माणसं असली की लागू व्हायचा, म्हणून कंत्राटं अठरा-अठरा माणसांची! त्याविरुद्ध कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं लढला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय टिकला.

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यांत बहुसंख्य बाया, त्याही बहुतेक दलित. आम्ही घाण नाही, शहराचे पैसे वाचवणाऱ्या कामकरी आहोत, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. पुढे २००८ पासून त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं घरोघरचा कचरा गोळा करायला घेतला.

म्हणजे हा नुसता कचऱ्याचा प्रश्न नाही. तो कामाचा आहे, आणि जातीचाही आहे. आपण रविवारी खराटा धरला की लोक हार घालतात. त्या ताई रोज धरतात, तर त्यांना पाणी वरून ओततात. दुसऱ्यांचं कशाला, माझ्या घरातही त्यांच्या चहाचा कप वेगळा होता. सासूबाईंनी ठेवला होता, खरं आहे. पण मी तो दहा वर्षं तसाच धुऊन वेगळा ठेवत आले, हेही खरं आहे.

मग आपण झाडणं सोडून द्यायचं का? मला तसं वाटत नाही. पण कशासाठी आणि कोणाच्या बरोबर झाडायचं, हे ठरवायला हवं.

रोजची झाडलोट हे पगारी काम आहे, ते पगारीच राहिलं पाहिजे. आपल्या भागासाठी किती कामगार मंजूर आहेत, किती प्रत्यक्ष येतात, कंत्राटदार कोण, मजुरी किती ठरली आहे, हे माहितीच्या अधिकारात वॉर्ड ऑफिसला विचारू. काढलेली जोडीदारीण परत द्या, असं निवेदन सगळ्यांच्या सह्यांनी देऊ. पण आधी त्या दोघींना विचारून. नोकरी त्यांची जाणार आहे, आपली नाही.

आपलं काम कचरा मुळात रस्त्यावर येऊ न देण्याचं. ओला-सुका घरातच वेगळा करायचा. पाळीचे पॅड आणि लहानांचे डायपर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्यायचे. ते नीट गुंडाळून देणं २०१६ च्या नियमांनी घरावरच बंधनकारक केलं. आपलं रक्त दुसऱ्या बाईनं उघड्या हातानं का निवडावं?

रविवारच्या पाळीत प्रत्येक घरातून एक पुरुष आलाच पाहिजे.

आणि शेवटचं. त्या ताईंना सकाळी सहापासून दुपारपर्यंत लघवीला जायला जागा नाही. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. आपल्या मंडळाच्या खोलीला संडास आहे. त्याची एक किल्ली त्यांच्याकडे द्यावी, असा ठराव मी मांडते.

हात वर करा.