व्यवसाय मार्गदर्शन : शाळेपासून बंदरापर्यंत
(धाकटी डहाणू येथील शिक्षक-पालक मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीचा निकाल आणि मासेमारीची बंदी या दोन गोष्टी आपल्या गावात जवळजवळ एकाच सुमारास येतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास मनाई असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, इंजिने उघडलेली, आणि घरात नवी मिळकत नाही. नेमक्या याच दिवसांत अकरावीचे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे व तंत्रनिकेतनाचे प्रवेश सुरू असतात. त्यामुळे येथील मुलाच्या पुढील आयुष्याचा निर्णय पुष्कळदा त्याच्या आवडीवर किंवा गुणांवर न ठरता, त्या आठवड्यात घरात किती रोकड आहे यावर ठरतो. व्यवसाय मार्गदर्शनाचा विचार आपण येथूनच सुरू केला पाहिजे.

मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे. ती शाखा मी विचार करून निवडली, असे सांगितले तर ते खरे होणार नाही. प्रवेशाच्या दिवशी त्या खिडकीपुढील रांग लहान होती आणि माझ्याबरोबर आलेला मित्र तेथे उभा होता. पुढे नोकरी मिळाली, संसार मार्गी लागला, तरी आपल्यापुढे कोणकोणत्या वाटा होत्या हे मला तिशीनंतर कळले. माझ्या वडिलांना ते ठाऊक नव्हते, आणि शाळेतील कोणावरही ते सांगण्याची जबाबदारी सोपविलेली नव्हती.

वास्तविक हा विषय शासनाला नवा नाही. मुंबई राज्याने १९५० मध्येच व्यवसाय मार्गदर्शनासाठी स्वतंत्र कार्यालय सुरू केले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मार्गदर्शन हे शिक्षणाचे अविभाज्य अंग मानावे व त्याचा आरंभ प्राथमिक शाळेपासून व्हावा, अशी शिफारस केली. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेण्यात आली. २०२० मध्ये युनिसेफच्या साहाय्याने महाकरिअर पोर्टल सुरू झाले. हे सर्व प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु चाचणीचा कागद हाती आल्यावर त्याचा अर्थ मुलाजवळ बसून कोण सांगणार, हा प्रश्न मात्र उरतोच. माहिती उपलब्ध असणे आणि ती योग्य वेळी योग्य मुलापर्यंत पोहोचणे, यांत मोठे अंतर आहे.

आपल्याच गावचे उदाहरण घेऊ. येथील मुलगा समुद्र जाणतो. भरती-ओहोटी, वारा, जाळे, इंजिनाचा आवाज यांचे ज्ञान त्याला वडिलांच्या होडीवर मिळते. या ज्ञानाला धरून पुढे जाणाऱ्या वाटा थोड्या नाहीत. मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांत मच्छीमार युवकांना नौकानयन व सागरी डिझेल इंजिनाची देखभाल यांचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण मिळते. कोची येथे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत मासेमारी जहाजाचे चालन व सागरी यंत्रकाम यांचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय असून तेथे चार वर्षांची पदवी मिळते. मुंबईत वर्सोवा येथे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तेथे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन चालते.

आता एक बारीक गोष्ट पाहा. मत्स्यविज्ञानाच्या पदवीसाठी बारावीला जीवशास्त्र लागते. व्यापारी जहाजावर अधिकारी व्हायचे असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. अकरावीत ज्याने गणित सोडले, त्याची एक वाट तेथेच बंद झाली, आणि ते त्याला दोन वर्षांनी कळते. म्हणून निकालाच्या दिवशी दिलेला सल्ला उशिराचा असतो. हे सांगणे आठवी-नववीतच झाले पाहिजे.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण तिच्यात किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांची पुंजी बुडाली आहे. माझ्या नात्यातील एका मुलाला जहाजावर नोकरी देतो म्हणून एका मध्यस्थाने मोठी रक्कम घेतली. मुलाच्या आईने त्यासाठी दागिने मोडले. नोकरी मिळाली नाही, आणि नंतर असे निघाले की मुलाला रंगांधत्व असल्याने तो त्या कामासाठी पात्रच नव्हता. साध्या नेत्रतपासणीत जे समजले असते, ते समजण्यासाठी घर कर्जबाजारी झाले. पालकांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रशिक्षण संस्थेला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे की नाही, ते आधी पाहावे. फी भरण्यापूर्वी मुलाची दृष्टी व प्रकृती तपासून घ्यावी. आणि जहाजावर नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे नियमबाह्य आहे, हे विसरू नये.

वाढवण येथील बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. या किनाऱ्यावरील मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, आणि आपल्या उपजीविकेबद्दल त्यांना वाटणारी चिंता खरी आहे. तो वाद सोडविणे हे मार्गदर्शकाचे काम नव्हे. परंतु नोकऱ्यांची भाषा ज्या वेळी कानांवर पडते, त्या वेळी कोणती कामे, कोणत्या पात्रतेची, कायम की कंत्राटी, असे प्रश्न विचारण्याइतकी समज आपल्या मुलांना आली पाहिजे. होडी सोडणारा मुलगा असो वा होडीवरच राहणारा, त्याने तो निर्णय माहितीनिशी घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे. तांडेल होणे हाही एक व्यवसायच आहे. नापासाची ती शिक्षा मानू नये.

मुलींविषयी स्वतंत्र बोलले पाहिजे. मासळीची प्रतवारी, वाळवण आणि बाजारातील भाव यांचा हिशेब आपल्या मायभगिनी तोंडपाठ करतात. हे व्यापाराचे शिक्षण आहे. त्याला वाणिज्य, अन्नप्रक्रिया किंवा सहकार यांची जोड मिळाली तर या व्यवसायातला नफा गावातच राहील. तसेच तालुक्याच्या पूर्व भागातील आदिवासी मुलांचा विसर पडता कामा नये. त्यांतील कित्येक जण आपल्याच बोटींवर खलाशी म्हणून येतात. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना वारली चित्रकलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली; घरात शिकलेली विद्या माणसाला किती दूर नेते, याचा हा आपल्या तालुक्यातीलच दाखला आहे.

दुसरा दाखला कोसबाडचा. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे कामास आरंभ केला आणि पुढे ते कोसबाडला नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांचे सूत्र होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली ती यातूनच. मार्गदर्शनालाही हेच लागू आहे. पालक शाळेत येत नसतील, तर बंदीच्या दिवसांत ते जेथे जाळी विणत बसतात, तेथे शिक्षकांनी जावे.

यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेने एका शिक्षकाकडे हे काम द्यावे आणि त्याच्या वेळापत्रकात त्यासाठी आठवड्याला एक तास राखून ठेवावा. ग्रामपंचायतीने प्रवेशाच्या तारखा, शिष्यवृत्त्या व लागणारे दाखले यांचा एक फलक लावावा. जातीचा, उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला जूनच्या गर्दीत न मागता हिवाळ्यातच काढून ठेवावा. दाखल्यावाचून हुकलेला प्रवेश परत मिळत नाही. मच्छीमार सहकारी संस्थांनी प्रवेशाच्या महिन्यासाठी लहानसा बिनव्याजी निधी उभारावा व तो हंगाम सुरू झाल्यावर फेडून घ्यावा. आणि शाळेने आपल्या माजी विद्यार्थ्यांची नोंदवही ठेवावी. कोण परिचारिका झाली, कोण वापीच्या कारखान्यात आहे, कोण जहाजावर आहे, हे लिहिलेले असले की पुढच्या मुलाला विचारायला माणूस सापडतो.

मित्रहो, समुद्रात जाताना तांडेल वाऱ्याचा व पाण्याचा अंदाज घेतल्याशिवाय होडी सोडत नाही. मुलांना जगात धाडताना आपण तेवढी खबरदारी घेऊ या. नोंदवहीचे पहिले पान याच महिन्यात लिहिले जावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.